शुक्रवार, पाच वाजेपर्यंत

टल्साहून आलेला कागद तीन पानांचा.
पहिल्यावर आमचं नाव, आडनावात एक अक्षर चुकलेलं.
दुसऱ्यावर एकोणचाळीस विहिरींची यादी,
सहांपुढे बारीक फुली.
तिसऱ्यावर आकडा,
आणि आकड्याखाली : शुक्रवार, पाच वाजेपर्यंत.

काल पिंपाचा भाव सव्वीस डॉलर.
वर काढायला लागतात एकतीस.
म्हणजे दर पिंपामागे पाच डॉलर
आम्ही जमिनीच्या तोंडात घालतो.
हे झालं माझं गणित. बँकवाल्याचं जास्त सभ्य.
'लिओना, कर्जाची फेरतपासणी एप्रिलमध्ये,' म्हणतो,
आणि एप्रिल असं म्हणतो
जसं आजारी पाहुण्याचं नाव घ्यावं,
ज्याला घरात घ्यावंच लागणार आहे.

व्हर्जिल म्हणतो, तेल कुठे पळून जातंय?
खाली आहे, राहू दे. दगडात ते नासत नाही.

नाही नासत.
पण दांडे गंजतात. एल्मरचे गुडघे गंजतात.
पंप थांबला की नव्वद दिवसांत करार मरतो
आणि डेन्व्हरला गेलेली मालकांची मुलं
दुसऱ्या कुणाचा तरी फोन उचलतात.
तेल राहतं.
आमचं राहत नाही.

सकाळी एल्मरबरोबर फेरीला गेले.
माळावर झाड नाही, म्हणून
व्होल्गाकाठून आलेल्या पणज्यांनी
कुंपणाला चुनखडीचे खांब रोवले, ते अजून उभे,
प्रत्येकाच्या डोक्यावर चार बोटं बर्फ.
एल्मर टाकीवर चढला, फीत सोडली, वर ओढली,
अंगठ्यानं पुसली.
'सात नंबरला पाणी वाढलंय.'
एवढंच बोलला.
टल्साबद्दल त्याला ठाऊक आहे. गावाला ठाऊक आहे.
विम्याचं त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शहाऐंशी साली बाबांनी विकलं नाही.
भाव दहावर आला होता.
पियानो विकला, आईनं शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं,
आणि बाबा म्हणत राहिले :
तेल बघावं, तेलाची धार बघावी.
पुढे भाव चढला. चर्चच्या पायऱ्यांवर लोक म्हणाले,
क्लेमेन्स मोठा धीराचा.
तीस वर्षं आम्ही त्या धीरावर जेवलो.

मंगळवारी जुन्या फायली उपसताना पत्रं सापडली.
त्यांचीच. विचिटाला, ह्यूस्टनला, अमरिलोला :
घेता का, अर्ध्यात घेता का,
यंत्रांसकट घेता का.
प्रत्येकाला टाचणीनं जोडलेला नकार,
काही तर दोन ओळींचे.
धीर कसला.
गिऱ्हाईक नव्हतं.

रात्री व्हर्जिलसमोर ठेवली. त्यानं चष्माही काढला नाही.
'माहीत आहे,' म्हणाला.
'पाकिटांवर तिकिटं मीच चिकटवायचो.
अकरा वर्षांचा होतो. जीभ गोड व्हायची.'

मग विकू नको का म्हणतोस?

बराच वेळ तो फ्रिजचा आवाज ऐकत बसला.
'त्यांना कुणी विचारलं नाही, लिओना.
आपल्याला विचारतायत.
एकदा नाही म्हणून तर बघू.'

मी हसले. नंतर हसू थांबेना.
मग दुसरं पान पुन्हा वाचलं, फुलीखालची बारीक अक्षरं :
ह्या सहा विहिरी विक्रेत्याकडेच राहतील.
मेलेल्या. ज्यांच्या नरड्यात
सिमेंट ओतायचा खर्च
एका घराएवढा, प्रत्येकी.

म्हणजे दूध देणाऱ्या तेहतीस त्यांच्या,
आणि तिरड्या आमच्या.

शुक्रवार. चार वाजून दहा.
पेनानं सहाही फुल्या खोडल्या.
समासात लिहिलं : जिवंत हव्यात तर मेलेल्याही न्या.
त्याखाली : एल्मरचा विमा, पासष्टीपर्यंत.
पहिल्या पानावर आमचं आडनाव दुरुस्त केलं.
सही केली नाही.

फॅक्सचं यंत्र कागद ओढून घेतं
इतकं सावकाश
की मध्येच पकडून मागे खेचता येईल.
पहिलं पान गेलं.
दुसरं अर्धं आत आहे.
व्हर्जिल दारात उभा, टोपी हातात,
माझ्याकडे नाही, यंत्राकडे बघतोय.